हळू बोल गं, हवाई सुंदरी!

रात्रीचे साडेदहा. अंधेरीतला माझा भाड्याचा वन बीएचके. मी एका लेखाच्या डेडलाइनशी झटापट करत बसले होते आणि बेडरूममधून अचानक आवाज... ‘लीव्ह एव्हरीथिंग! कम धिस वे! जंप!’

दोन मिनिटांत बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे काका. हातात चक्क काठी.

‘काय झालं? चोर?’

‘नाही काका, बहीण अभ्यास करतेय.’

काकांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या सोसायटीत आयआयटीवाले आहेत, सीएवाले आहेत. पण असा अभ्यास कुणी केला नव्हता!

ही बहीण म्हणजे छोटी. माझ्या मावशीची मुलगी, राहणार डोंबिवली. २०२४ च्या जानेवारीत तिची एका एअरलाइनमध्ये केबिन क्रू म्हणून निवड झाली आणि अंधेरीत ट्रेनिंग सुरू झालं. सकाळी साडेसातला हजर, तेही केसांचा कडक अंबाडा, जाळी, इस्त्रीचे कपडे, पूर्ण मेकअप अशा थाटात. आता तुम्हीच सांगा, डोंबिवली फास्टमध्ये तो अंबाडा ठाण्यापर्यंत तरी टिकला असता का? म्हणून मग ती माझ्याकडे राहायला आली.

खरं सांगू? मला काही फार कौतुक नव्हतं. घरात पेढे वाटले गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘म्हणजे काय, आकाशातली वेट्रेसच ना!’ सगळे हसले. छोटीसुद्धा हसली. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली मोठी ताई बोलली म्हटल्यावर हसणार नाही तर काय करणार?

पण त्या टोमण्यामागे एक गुपित होतं, ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. विसाव्या वर्षी मीसुद्धा एका एअरलाइनच्या वॉक-इन इंटरव्ह्यूला गेले होते. तीन तास रांगेत. नंबर आला तेव्हा समोरच्या बाईंनी आधी उंची मोजली, मग हात पुढे करायला सांगितले. माझ्या उजव्या मनगटाच्या वर तव्याच्या चटक्याचा जुना डाग आहे, बोटभर लांब. ‘थँक यू, नेक्स्ट.’ बस्स. पोहता येतं का, घाबरल्यावर काय करतेस, एकही प्रश्न नाही. तेव्हापासून विमानात ट्रॉली घेऊन येणारी प्रत्येक मुलगी माझ्या नजरेत ‘डाग नसलेली’ एवढीच होती.

छोटीच्या ट्रेनिंगचे पहिले दिवस तर माझं मत पक्कं करणारेच होते. रोज सकाळी ग्रूमिंग चेक. लिपस्टिकची शेड ठरलेली, नेलपेंटचा टवका उडालेला चालत नाही, स्टॉकिंगला धागा निघालेला चालत नाही, वजनावर नजर. एके दिवशी केसाची एक बट बाहेर आली म्हणून तिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मी म्हटलं, ‘हेच का तुमचं कडक ट्रेनिंग? हे तर ब्यूटी पार्लर!’

छोटीनं काही न बोलता बॅगेतून मॅन्युअल काढून माझ्या मांडीवर टाकलं. चांगलं चार बोटं जाड. म्हणाली, ‘ताई, कुठलंही पान उघड.’

मी उघडलं. आणि डेडलाइन विसरून रात्री दीडपर्यंत वाचत बसले.

तुम्हाला माहितेय, चव्वेचाळीसपेक्षा जास्त सीट्सचं नवं विमान बाजारात आणायचं तर कंपनीला सिद्ध करावं लागतं की, भरलेलं विमान अंधारात, निम्मेच दरवाजे वापरून नव्वद सेकंदांत रिकामं होतं? २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए-३८० ची ही चाचणी झाली. ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर! आग लागली की केबिनमध्ये जगण्यासारखी हवा फार वेळ राहत नाही, म्हणून ही घाई. दरवाजा उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघायचं, त्या बाजूला आग असेल तर तो दरवाजा अडवून लोकांना दुसरीकडे वळवायचं. हे सगळं करणार कोण? दहा मिनिटांपूर्वी तुम्हाला ‘व्हेज ऑर नॉनव्हेज?’ विचारणारी ती मुलगी.

टेकऑफच्या आधी ऐकू येतं ना, ‘आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक’? मला वाटायचं, काहीतरी कोडवर्ड असेल. तर त्याचा अर्थ, दरवाजा आता घसरगुंडीला जोडलेला आहे. आता तो उघडला की घसरगुंडी आपोआप फुगणार. प्रत्येकीनं आपला दरवाजा तपासायचा आणि समोरच्या दरवाजाचाही. गेटवर पोहोचल्यावर ती जोडणी काढायला विसरलात आणि दार उघडलंत, तर तिथेच घसरगुंडी बाहेर!

मग छोटीच रोज रात्री एकेक गोष्ट सांगायला लागली. धुरानं भरलेल्या अंधाऱ्या खोलीत हूड घालून शिरायचं, आग विझवायची. पॉवर बँकेनं पेट घेतला तर आधी ज्वाळा विझवायच्या, मग भरपूर पाणी ओतून थंड करायचं, बर्फ मात्र ठेवायचा नाही. (आणि हो, तुमचा मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. बॅटरी चेपली गेली तर पेटू शकते. क्रूला बोलवा.) सीपीआरमध्ये तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास द्यायचे. घशात घास अडकलेलं मूल, विमानातलं बाळंतपण, दारू पिऊन तमाशा करणारा प्रवासी, सगळ्याची प्रॅक्टिकल्स. स्विमिंग पूलमध्ये लाइफ जॅकेट घालून लाइफ राफ्टवर चढायचं. ते जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही हे आपल्याला डेमोमध्ये सांगतात आणि आपण जांभई देतो. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान समुद्रात कोसळलं, तेव्हा कितीतरी जणांनी आतच जॅकेट फुगवलं होतं. पाणी भरलं आणि ते छताकडे तरंगत अडकले.

छोटी लेखी परीक्षेत झकास पास झाली. नापास झाली ती भलत्याच विषयात. आवाजात!

इव्हॅक्युएशनच्या ड्रिलमध्ये नकली केबिनच्या दारात उभं राहून तिला ओरडायचं होतं. ती ‘ओरडली’. इन्स्ट्रक्टर मॅडम म्हणाल्या, ‘तू विनंती करतेयस. मला हुकूम हवाय.’ आणखी एक चान्स, चार दिवसांनी. नाही जमलं तर घरी.

एवढं काय त्या ओरडण्याचं, असं मलाही वाटलं. पण त्यालाही इतिहास आहे. १९८५ मध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर एका विमानाला आग लागली आणि ५५ माणसं गेली. विमान उडालंसुद्धा नव्हतं! त्यानंतर इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डमध्ये प्रा. हेलन म्यूर यांनी केबिनमध्ये माणसं बसवून प्रयोग केले. त्यात दिसलं की, क्रू ठामपणे, मोठ्यानं हुकूम सोडत असेल तर विमान लवकर रिकामं होतं. क्रू गप्प किंवा गुळमुळीत असेल तर माणसं रेंगाळतात. संकटात सगळेच पळत सुटत नाहीत. बरेच जण गोठतात, किंवा वरची बॅग काढायला लागतात. तो गोठलेपणा आवाजानं फोडावा लागतो.

छोटीच्या वर्गात हानेदाचा व्हिडिओ दाखवला होता. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले. घोषणा करायची यंत्रणा बंद पडलेली, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आलेले. क्रूच्या हातात उरलं काय? मेगाफोन आणि स्वतःचा घसा.

आणि आमच्या छोटीचा घसा? एकवीस वर्षं तिनं घरात एकच वाक्य ऐकलेलं. ‘हळू बोल गं, शेजारी ऐकतील.’ मावशीचा स्वभाव वाईट नाही हो, पण मुलीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हे तिच्या आईनं तिला शिकवलं, तिनं हिला शिकवलं. मलाही तेच शिकवलं गेलंय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपलं म्हणणं मांडताना ‘सॉरी, मी एक सांगू का?’ अशी सुरुवात किती जणी करतो, हात वर करा!

सोसायटीतून वॉर्निंग आली होती. म्हणून मग चार दिवस आम्ही पहाटे सहाला वर्सोव्याच्या बीचवर. मी पन्नास पावलं लांब उभी, मध्ये लाटांचा आवाज. ‘ऐकू नाही आलं!’ एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी लाजली, कारण जॉगिंगवाले वळून बघत होते. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल, दोघी ओरडू. आणि ओरडलो. ‘जंप! जंप! जंप!’ मी कुणावर ओरडत होते कोण जाणे... बहुतेक माझा डाग बघून ‘नेक्स्ट’ म्हणणाऱ्या त्या बाईंवर. परत येताना रिक्षात मी तिला तो किस्सा सांगितला. ‘वेट्रेस’साठी सॉरीही म्हटलं. ती एवढंच म्हणाली, ‘ताई, ते मला तेव्हाच लागलं होतं.’

पाचव्या दिवशी ती पास झाली.

माझा राग मात्र पूर्ण गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदललीय. कडकपणा हवाच, पण कशाचा? १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च पहिली विमान परिचारिका झाली. स्वतः नर्स, विमान चालवायला शिकलेली. पण तिच्यासोबत नेमलेल्या मुलींसाठी वजनाची, वयाची अट होतीच. आपल्याकडे हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणात घरी पाठवायचा नियम होता. तो रद्द करायला १९८१ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. आणि शब्द तरी बघा ना, ‘हवाई सुंदरी’! त्यात सुंदरी आहे, सुरक्षा कुठेच नाही. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं आणि सगळेच्या सगळे १५५ जण वाचले. पायलट हीरो झाला, झालाच पाहिजे. पण केबिनमध्ये तीन बायका होत्या, तिघीही पन्नाशी ओलांडलेल्या. आपल्याकडच्या भरतीच्या रांगेत त्यांना उभंही केलं नसतं. केसाच्या बटेनं एकही प्रवासी वाचत नाही. आवाजानं वाचतो.

मग १२ जून २०२५ आला. अहमदाबाद. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. त्यात दहा जणांचा केबिन क्रू होता, त्यातले बरेचसे मुंबई आणि आसपासच्या घरांतले. छोटीची एअरलाइन वेगळी, मार्ग वेगळा, हे मला माहीत होतं. तरी तिचा फोन बंद लागला तेव्हा माझे हात कापत होते. ती दुसऱ्याच शहराच्या वाटेवर, हवेत होती. टेकऑफनंतर मिनिटभरातच सगळं संपलं होतं. नव्वद सेकंद प्रत्येकाला मिळतातच असं नाही, हे कुठल्याच मॅन्युअलला बदलता येत नाही.

रात्री आम्ही सगळे डोंबिवलीला. मावशी सारखी म्हणत होती, ‘सोड ती नोकरी. नको आपल्याला.’ छोटी वाद घालत नव्हती. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. पहाटे चारला गाडी येणार होती. म्हणाली, ‘आई, उद्या बसणारे सगळे घाबरलेले असणार. माझ्याकडेच बघतील.’

मावशी बराच वेळ गप्प. मग डबा भरता भरता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, ‘ही ओरडते ना गं नीट? वेळ आली तर?’

‘ओरडते मावशी. अख्ख्या वर्सोव्याला ऐकू जातं.’

‘मग ठीक आहे,’ मावशी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

हल्ली मी विमानात बसले की आधी रांगा मोजते. माझ्या सीटपासून एक्झिट किती रांगांवर. डेमो चालू असताना फोन खाली ठेवते. आणि टेकऑफच्या वेळी समोरच्या छोट्या सीटवर बसलेल्या मुलीकडे बघते. ती तेव्हा हसत नसते. हात मांडीखाली, पाठ ताठ, नजर केबिनवर. मनातल्या मनात तिची उजळणी चालू असते, दरवाजा कुठला, आग लागली तर काय, मदतीला कोण. अर्धं मिनिट फार तर. मग दिवे लागतात, ती उठते, हसते आणि विचारते, ‘मॅम, व्हेज ऑर नॉनव्हेज?’

पुढच्या वेळी तिच्याशी जरा नीट बोला. काय सांगावं, एखाद्या दिवशी तिचं ऐकावं लागेल!