अपुऱ्याची साक्ष

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात, भूतलिंग लेण्यांमध्ये, एक चैत्यगृह आहे. त्याच्या कमानीत लक्ष्मी उभी आहे, बाजूला हत्ती आहेत, हात जोडलेली जोडपी आहेत. चंद नावाच्या कोणा यवनाने या कामासाठी दान दिलं, असं तिथला ब्राह्मी लेख सांगतो. परका माणूस, परक्या डोंगरात कुणाच्या श्रद्धेसाठी खर्च करत होता! दर्शनी भाग पाहून मन भरतं आणि आत पाऊल टाकलं की कळतं, छिन्नी मध्येच थांबली आहे. आतलं काम अपुरंच राहिलं. तरी सुमारे दोन हजार वर्षं त्याला लेणंच म्हणतात.

आमच्या चर्चच्या मंडळीत मात्र अपुऱ्याला अशी जागा नाही. उपासनेच्या वेळी माणसं साक्ष द्यायला उभी राहतात. मुलाला नोकरी लागली, ताप उतरला, कर्ज फिटलं. त्या आनंदात मीही आमेन म्हणतो. पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला, तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून ज्याने उभ्या पिकात रोटर फिरवला, तो त्या रविवारी मागच्या बाकावर गप्प बसतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला हिरडा झोडपला. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. या नुकसानीची साक्ष कुठे द्यायची?

अपयश ही यशाची पहिली पायरी, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. काही अपयशांना दुसरी पायरीच नसते. बुडालेलं गाव परत वर येत नाही.

अशाच एका हरलेल्या माणसाची आठवण इथल्या रस्त्यावर होते. माळशेजवरून कल्याणकडे न उतरता ओतूर, आळेफाटा करत पूर्वेला निघालं की तो रस्ता नगरला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नगर. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका पंगतीला बसतील, असं त्यांचं स्वप्न होतं. ९ मे १९१९ला ते गेले. दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य हाती घेतलेलं, तेही अर्धवट. लक्ष्मीबाईंनी अध्यायांमागून अध्याय लिहिले, त्याही गेल्या, आणि शेवट मुलाने, देवदत्तांनी केला. ग्रंथ पुरा झाला याचं समाधान आहेच. पण दरबाराचं काय? तो मोडला, आणि मला तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत ख्रिस्ती भाग वाटतो. सुरक्षित पगार, मान, घरची घडी, सगळं पणाला लावून हरलेला तो वृद्ध कवी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांच्यासाठी आजही रडू येतं.

कारण ज्याच्या नावाने हे सगळं चाललं, तोही जगाच्या हिशेबात हरलेलाच होता. बारा निवडले, त्यांतल्या एकाने विकलं, एकाने कोंबडा आरवण्याआधी तीनदा ओळख नाकारली, बाकीचे पळाले. वधस्तंभावर त्याने देवालाच विचारलं की मला का टाकलंस. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तय आणि मार्क यांनी हा आक्रोश झाकला नाही. आणि पुनरुत्थानाच्या सकाळनंतरही त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच होते. थोमाला तेच तर दाखवले. विजयी देहावर पराभवाच्या खुणा राहू दिल्या, यापेक्षा मोठा दिलासा मला धर्मात कुठे सापडलेला नाही. माझ्या हरण्याला तिथे जागा आहे, त्याचं काही गोड करून न सांगता.

म्हणून सगळ्या पाळकांना हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी साक्षीची वेळ आली की एवढंच विचारा, यंदा ज्याचं काहीच जमलं नाही असं कुणी आहे का. तो उभा राहिला, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या, आणि त्याच्या बोलण्याला ‘पण देवाने पुढे’ हे शब्द आपल्या पदरचे जोडू नका.