पोकळ मोठेपणा

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे मोठा आकडा दिसला की मन आपोआप हुरळतं. मग तो दुसऱ्याच्या खात्यातला का असेना. गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी दुसऱ्यांचेच आकडे पाहत आलो आहे.

गेल्या दिवाळीत मेव्हण्याने आमच्या कन्येला मायक्रोस्कोप भेट दिला. ती अकरावी सायन्सला आहे. यंत्र अंबाल्याचं. खाली फिरत्या चकतीला ४, १० आणि ४० अशी तीन भिंगं, वर डोळा लावायच्या नळीत १०चं एक.

"बाबा, वरचा आणि खालचा आकडा गुणायचा."

गुणाकार म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे ४०, १०० आणि ४००. मग चारशेच लाव की! चाळीस लावणं म्हणजे फिक्स्ड सोडून सेव्हिंगला पैसे ठेवणं."

तिने माझं न ऐकता चाळीसला कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटांची भिंत बांधावी तशा पेशी एकीला एक लागून बसलेल्या. मी हट्टाने चारशे लावायला लावलं. भिंत गेली, दोन-तीन विटा उरल्या, आणि त्याही अंधूक.

"गिऱ्हाईकं कुठं गेली?"

"चाळीसला साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसत होतं. चारशेला अर्धा मिलिमीटरही नाही. दहापट मोठं बघायचं तर दहापट लहान जागेत बघायचं."

व्यवहार रोख होता. तक्रार करता येईना.

पुढे 'खोली' नावाचा प्रकार निघाला. चारशेला एका वेळी स्पष्ट दिसतो तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे डोक्यावरचा एक केस (माझ्याकडे अजून काही आहेत) अशा साठ-सत्तर थरांचा. पाणचक्कीच्या हौदातल्या थेंबात एक जीव पोहत होता. तो किंचित खाली गेला की दिसेनासा व्हायचा. स्क्रू फिरवून गाठावा तर स्वारी पुन्हा वर! थकीत कर्जदारही इतकं दमवत नाहीत.

"मग वरचं १०चं काढून २५चं भिंग आणू. एकदम हजार!"

"उपयोग नाही. बारकावे किती दिसणार ते खालचं भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्यावर. हे बघा, यावर ०.६५ कोरलंय. त्याच्या फार तर हजारपट, म्हणजे ६५०पर्यंत ठीक. पुढे चित्र नुसतं फुगतं, नवीन काही दिसत नाही. याला एम्प्टी मॅग्निफिकेशन म्हणतात."

"पोकळ मोठेपणा," मी तत्काळ भाषांतर केलं. बढती मिळालेले दोन-तीन सहकारी डोळ्यांसमोर तरळून गेले.

मग मी खिशातली शंभराची नोट भिंगाखाली धरली आणि वरून टॉर्च मारला. नोटेचा कागद कापसाचा असतो हे ठाऊक होतं. पण ते तंतू एकमेकांवरून, एकमेकांखालून गेलेले प्रथमच पाहिले. वरचा तंतू धरला की खालचा धूसर. इतकी वर्षं हजारो नोटा मोजल्या, एकही पाहिली नव्हती.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच आठवड्यात बँकेत एक भानगड झाली होती. हर्सूलच्या एका आजींनी सहा हजार भरले. त्यांच्या स्लिपवरच्या खाते क्रमांकातला शेवटचा ३ मी ८ वाचला. समोरचं नावही नेमकं जाधवच निघालं, आणि पैसे भलत्याच जाधवांकडे गेले. आजी विचारायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "आजी, मशीनची चूक." "आसंल बाबा," म्हणून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पैसे परत वळवले. पण ते "आसंल बाबा" काही माझ्या खात्यातून वळतं होईना.

रात्री मायक्रोस्कोपचं माहितीपत्रक वाचत होतो. अक्षर फारच बारीक, म्हणून डोळेही बारीक केले. कन्या ओरडली, "बाबा, आत्ता तुम्ही डायफ्राम बंद केलात!"

मंचाखालची ती झडप बारीक केली की प्रकाश कमी होतो, बारकावेही थोडे जातात. पण स्पष्ट दिसणारा थर जाड होतो. डोळे किलकिले केल्यावरही साधारण तेच घडतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, आणि माणूस पापण्यांची झडप लावून वेळ मारून नेतो.

"अहो, तीन वर्षं सांगतेय, चाळिशी लावा," स्वयंपाकघरातून आवाज आला. चाळिशी मी शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत लांबवली होती. हप्ता थकला होता. व्याज आजींनी भरलं.

दुसऱ्याच दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन चष्मा केला. पुढच्या महिन्यात आजी आल्या. मी चष्मा सावरत म्हणालो, "आजी, त्या दिवशी चूक मशीनची नव्हती. माझी होती."

आजींनी पासबुक पदराखाली घेतलं.

"मला ठावं होतं बाबा. मशीन कुठं असं डोळं बारीक करून बघतंय?"