बाबांचा रकाना

आखातातल्या मुलांची ‘उन्हाळ्याची सुट्टी’ भारतातल्या नातेवाइकांना दरवर्षी नव्याने समजावून सांगावी लागते. तिकडे एप्रिल-मे म्हणजे आंबे, पत्ते आणि मामाचे गाव. इकडे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे नवे वर्षच एप्रिलमध्ये सुरू होते आणि मोठी सुट्टी लागते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा तिकडे जावे, तर धो धो पाऊस आणि मामेभावंडे शाळेत! शिवाय त्या दिवसांतले चौघांच्या तिकिटांचे भाव पाहिले की मामाचे गाव फारच लांब वाटू लागते. म्हणून यंदा आम्ही शारजातच राहायचे ठरवले. अल नहदामधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी, बाहेर ४५ अंश आणि हातात दोन महिने.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. वर्गात एक गोष्ट नेहमी दिसायची. फळा पुसायला, वह्या वाटायला, खिडक्या लावायला मुले अक्षरशः भांडायची. तीच मुले घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलून ठेवत नाहीत, अशी पालकसभेत आयांची तक्रार असायची. मला वाटते, वर्गात ते काम त्यांच्या नावावर असायचे. घरात मात्र सगळीच कामे आईच्या नावावर असतात.

बी.एड.च्या वेळी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी वाचले होते. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. मग शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. आमची अडचण नेमकी उलटी. त्या मुलांना कामातून सवड नव्हती, आमच्या मुलांना कामच नाही. ग्रोसरीतून दूध दारात येते, कपडे मशीन धुते, उरलेले आई करते. मुलांच्या वाट्याला उरतो तो टॅब.

तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक तक्ता केला. पहिला आराखडा इथल्या उन्हानेच आखून दिला. सायकल पहाटे साडेपाचला, नाहीतर मगरिबच्या अजाननंतर. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला सरकारची बंदी असते. समोरच्या बांधकामावरची माणसे त्या वेळी सावलीत का बसतात, असे मुलाने विचारले होते. तीच वेळ आम्ही घरातही विश्रांतीची ठरवली. पुस्तक वाचा, चित्र काढा, झोपा. पण त्या अडीच तासांत आईला हाक मारायची नाही. मुलांना नियम पटला, कारण त्यामागे कायदा होता!

मग कामे. मुलाकडे पाणी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी किती तापते, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. गीझर बंद ठेवून त्यात निवलेले पाणी आपण आंघोळीला घेतो. म्हणजे ‘गरम’ नळाला गार आणि ‘गार’ नळाला गरम. रात्री बादल्या भरून ठेवणे, पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली द्यायला माणूस आला की रिकामी बाटली आणि कूपन त्याच्या हाती देणे, त्याला गार पाणी विचारणे, हे सगळे मुलाचे खाते. मुलीकडे ताटे-वाट्या मांडणे, मोज्यांच्या जोड्या लावणे आणि खिडकीशी आणून ठेवलेली तुळस. कपड्यांच्या घड्या दोघांनी मिळून.

नियम तीनच. काम महिनाभर तेच, म्हणजे हात बसतो. कामाचे पैसे नाहीत, कारण जेवायचे आपण पैसे घेत नाही. आणि मुलांनी केलेले काम मी मागाहून पुन्हा करायचे नाही. हा तिसरा नियम माझ्यासाठी होता आणि तोच सर्वांत अवघड. कपाटात टॉवेलांचे त्रिकोण रचलेले पाहून हात शिवशिवायचे. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्या त्रिकोणांचे चौकोन झाले.

तक्ता फ्रिजवर लावला त्याच संध्याकाळी मुलीने तो बोटाने वाचला. “आई, दादा, मी. बाबांचा रकाना कुठे आहे?” हे म्हणाले, “मी ऑफिसला जातो ना.” ती म्हणाली, “तुझं ऑफिस संपतं. आईचं कधी संपतं?” मी भाजी ढवळत राहिले. चौथा रकाना आखला गेला: रात्रीची भांडी आणि कचरा.

साताऱ्याला सासूबाईंना हे बोटिमवर कळले, तेव्हा त्या जरा नाराज झाल्या. “अगं, इवलीशी पोरं. त्यांना कशाला जुंपतेस?” वाद न घालता मी दुसऱ्या दिवशी मुलांच्या पुढ्यात मेथीची जुडी ठेवली आणि फोन लावला. आमचे साडेतीन म्हणजे त्यांचे पाच, भाजी निवडायची वेळ. “देठ कोवळा असेल तर टाकू नकोस रे,” असे त्यांनी नातवाला सांगितले आणि मग ते रोजचेच झाले. एरवी “जेवलास का, अभ्यास कसा चाललाय” एवढ्यावर संपणारे बोलणे आता पाऊण तास चालायचे. हात गुंतले की तोंड मोकळे होते. सासरे गेल्यानंतर सासूबाई घरात एकट्याच असतात. ऑगस्टअखेर त्या म्हणाल्या, “आता शाळा सुरू झाली की माझी संध्याकाळ कशी जायची गं?”

हा खटाटोप कशाला, असे एका मैत्रिणीने विचारले. आपली बहुतेक मुले बारावीनंतर भारतात किंवा आणखी लांब शिकायला जातील, एकटी राहतील, हे एक कारण आहेच. पण मला आणखी जवळचे कारण दिसते. इथे आपण सगळेच व्हिसाच्या मुदतीवर राहतो. कितीही वर्षे झाली तरी मनात कुठेतरी पाहुणेपण असते. निदान घरात तरी मुलांनी पाहुण्यासारखे राहू नये. ज्या घराचे पाणी आपण भरतो, ते घर आपले वाटते.

शाळा सुरू झाल्यावर तक्ता बारीक झाला. शारजात २०२२ पासून शुक्रवार धरून तीन दिवसांची साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे मोठी कामे शुक्रवारी सकाळी. साडेतीनचा फोनही शुक्रवारीच. सासूबाई त्या दिवशी भाजी निवडायची ठेवून वाट पाहतात. सध्या फ्रिजवर फराळाची यादी आहे. लाडू वळणे मुलीकडे, शंकरपाळी कापणे मुलाकडे. चौथ्या रकान्यात मुलीने आपल्या अक्षरात लिहिले आहे: ‘बाबा – चकलीचा सोऱ्या. जोर लागतो.’