फेडर

मिक्सिंग कन्सोलवर सर्वांत खाली, ध्वनिमुद्रकाच्या हाताशी, जी सरकती पट्टी असते ती फेडर. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. सुरुवातीच्या कन्सोलवर तिच्या जागी मोठे गोल नॉब असत आणि दोन हातांनी एका वेळी दोनच नॉब नीट फिरवता येत. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे ध्वनिमुद्रक टॉम डाऊड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आठ ट्रॅकवर मुद्रण सुरू केले, तेव्हा त्यांनी नॉबऐवजी सरकत्या पट्ट्या बसवल्या. मग पेटी वाजवावी तशी दहाही बोटे कामाला लागली.

फेडर दिसतो पहिला, पण आवाज त्याच्यापर्यंत पोचतो उशिरा. मायक्रोफोनमधून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. तो प्रीअँपमध्ये वाढतो. किती वाढवायचा ते गेनचा नॉब ठरवतो. कंडेन्सर मायक्रोफोनला, संकेत ज्या तारेतून येतो त्याच तारेतून, सहसा ४८ व्होल्टची फँटम वीज द्यावी लागते. गेन कमी ठेवून पुढे फेडर चढवला, तर गाण्याबरोबर मधल्या सर्किटांची खरखरही चढते. गेन जास्त झाला तर आवाज तिथेच क्लिप होतो, फाटतो, आणि फेडर कितीही खाली घेतला तरी तो फाटकाच राहतो. कन्सोल शिकणाऱ्याने आधी गेन शिकावा, फेडर नंतर.

गेनच्या पुढे ईक्यू. तिथे खर्ज, मधला भाग आणि तार यांचे प्रमाण बदलते. त्यानंतर ऑक्स, म्हणजे आवाजाची एक वाट बाजूला काढून देणारा नॉब. ही वाट फेडरच्या आधी फुटते की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. गायकाच्या हेडफोनकडे जाणारी वाट प्री-फेडर ठेवतात. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक काहीही सरकवो, गायकाच्या कानातला आवाज हलत नाही. रिव्हर्बकडे जाणारी वाट पोस्ट-फेडर असते. तसे नसते तर फेडर बंद करूनही गायकाचा नुसता घुमारा मागे उरला असता.

फेडरशेजारच्या खुणा नीट पाहाव्यात. तळाशी उणे अनंत, म्हणजे शांतता. शून्य मात्र बरेच वर असते आणि त्याचा अर्थ शांतता नव्हे: आला तेवढाच आवाज पुढे, ना वाढ ना घट. शून्याच्या आसपास खुणा विरळ असतात, तळाकडे दाटीने. मिश्रणाचे बारीक काम शून्याजवळच चालते, म्हणून बोटाला मोकळी जागाही तिथेच दिलेली असते.

पॅन आवाजाला डावी-उजवी जागा देतो. म्यूट चॅनेल, म्हणजे एका आवाजाची ही सगळी वाट, बंद करतो, सोलो तेवढाच ऐकवतो. अनेक चॅनेल ज्या सामाईक वाटेवर एकत्र येतात ती बस. शेवटच्या बसवरचा फेडर म्हणजे मास्टर.

सत्तरच्या दशकात फेडरला मोटर जोडली गेली आणि हाताने केलेल्या हालचाली लक्षात ठेवून तो स्वतःच सरकू लागला. पुढे तो संगणकाच्या पडद्यावर चित्र होऊन आला. तिथे माऊसने एका वेळी एकच फेडर ओढता येतो. म्हणून आज घरच्या टेबलावर काम करणारेही संगणकाला यूएसबीने जोडायची आठ फेडरची छोटी पेटी विकत घेतात.