शाई आणि कणीक

पखवाजियाचा फोटो काढताना ग्रे कार्ड जवळ ठेवावं लागत नाही. उजव्या पुडीवर शाई, डाव्या पुडीवर नुकतीच थापलेली ओली कणीक. काळ्यातला काळा आणि पांढऱ्याच्या अगदी जवळचा पांढरा वाद्यावरच लावलेला असतो. मधल्या साऱ्या छटा वाजवणाऱ्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर. प्रिंट काढताना मी आधी शाई बघतो. तिच्यातला गोल, त्यावरची थापेची झिलई दिसली पाहिजे. नुसतं काळं भोक दिसलं तर प्रिंट गेला. मग कणकेतले बोटांचे ठसे. ही दोन टोकं जागेवर बसली की माणसाचा रंग त्यांच्यामध्ये आपोआप सापडतो.

आमच्या बीड जिल्ह्याला हे वाद्य परकं नाही. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव (पैठणजवळचं ज्ञानदेवांचं आपेगाव ते वेगळं) पखवाजाचं गाव म्हणून माहीत झालं ते शंकरबापू आपेगावकरांमुळे. वारकरी भजन-कीर्तनातला हात त्यांनी शास्त्रीय मैफलीपर्यंत नेला, त्यांना पद्मश्री मिळाली, आणि पुढे उद्धवबापूंनी ती परंपरा चालवली. पण त्यांच्यामागे सप्ताहात वाजवणारे, आठवड्याच्या बाजारालाही टाळकऱ्यांची संगत न सोडणारे कितीतरी मृदंगी गावोगाव आहेत. मी फोटो काढतो ते बहुतेक यांचे. पोट लग्नांवर चालतं. हे त्याच्या कडेकडेनं.

स्टुडिओत उमेदवारी करताना पहिला धडा मिळाला तो उजळ करण्याचा. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायचं, ‘जरा उजळ काढा.’ मग दिवे जवळ ओढायचे, पावडर पुढं करायची, आणि एवढ्यानं भागलं नाही तर निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल. निगेटिव्हवर जिथं शिसं चढेल तिथं प्रिंटवर उजेड येतो. मालक भिंग लावून गालावर असे बारीक बारीक फराटे ओढायचे की मुलगी दोन पायऱ्या गोरी होऊन बाहेर पडायची. हात अप्रतिम होता, हे कबूल. मुलींची लग्नं त्या फोटोंवर ठरत होती, तेव्हा त्याला नावं ठेवायचा मला अधिकारही नाही. फक्त हीच सवय कलावंतांच्या फोटोंना लागली ते मला सोसत नाही.

पुस्तकांची मदत इथं अर्धीच होते. अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बसवलेली झोन सिस्टीम आजही सगळ्यात धड पद्धत आहे. पाचवा झोन म्हणजे मधला राखाडी, आणि चेहरा ठेवायचा सहाव्यात, एक स्टॉप उघडून. हा सहावा झोन गोऱ्या कातडीचा. आमचा ऊसतोडीला जाऊन आलेला मृदंगी सहाव्यात ठेवला तर तो दुसराच कुणीतरी होतो. त्याची जागा पाचव्यात, कधी चौथ्यात. त्यात डोक्याला पांढराशुभ्र फेटा. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग मधल्या राखाडीत आणायची खोड. फेटा बघून तो उजेड कमी करतो आणि खाली चेहऱ्याचा कोळसा. म्हणून मीटर चेहऱ्याजवळ नेऊन मोजायचं आणि आकडा स्वतःच्या डोळ्यानं दुरुस्त करायचा. फेटा थोडा जळाला तर जळू द्यावा, डोळ्यांखालच्या सावलीत तपशील राहिला पाहिजे, असं माझं मत. फेट्याच्या घड्यांसाठी चेहरा बुडवणारे फोटोग्राफर आहेत. त्यांचे फेटे छान येतात.

गोंधळ्याचा मळवट ही आणखी वेगळी परीक्षा. कपाळभर कुंकू डोळ्याला भगभगीत लाल, पण साध्या कृष्णधवल फिल्मवर ते सावळ्या कातडीच्या राखाडीत मिसळून जातं. तुळजाभवानीच्या नावानं भरलेलं कपाळ फोटोत कोरडं. लाल फिल्टर लावला तर कुंकू पांढुरकं पडतं, कातडी गुळगुळीत, आणि सुरकुत्यांसकट सगळं आयुष्य पुसलं जातं. हिरवट फिल्टरनं कुंकू गडद होतं, कातडीही गडद होते, पण देवीचे वण, दाढीचे खुंट, गळ्यातल्या कवड्यांच्या माळेनं मानेवर पाडलेला पट्टा असं सगळं उमटतं. मी हिरवट वापरतो. वारकऱ्याच्या बुक्क्याला यातलं काहीच लागत नाही, तो मुळातच कृष्णधवल.

आणि पाणी. डी-७६ डेव्हलपरचं सगळं गणित २० अंश सेल्सिअसवर मांडलेलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजवतं. घमेल्यात बर्फ, बर्फात डबा, डब्यात डेव्हलपर असा थाट करावा लागतो, नाहीतर इमल्शन मऊ पडून नखाचाही ओरखडा उठतो. त्याहून कठीण धुणं. फायबर पेपरवरचा प्रिंट हायपोतून काढला की तासभर वाहत्या पाण्यात हवा, आणि वाहतं पाणी हा शब्दप्रयोग आमच्याकडे उन्हाळ्यात कुणी उच्चारत नाही. टँकरच्या पाण्यावर प्रिंट कोण धूत बसणार? मग खळबळून वाळत घालायचे. कागदात राहिलेला हायपो चांदीवर चढत जातो आणि काही वर्षांत फोटो पिवळा पडतो. जुन्या शाहिरांचे, तमाशातल्या बायांचे, भजनी मंडळांचे जे पिवळट फोटो आमच्या घरांतून सापडतात त्यांत काळाचा दोष आहेच, पण टंचाईचाही आहे. मी परातींची ओळ मांडतो. प्रिंट या परातीतून त्या परातीत, पाणी थोडं आणि पुन्हा पुन्हा बदललेलं. वाहत्या धारेइतकंच काम होतं. शेवटच्या परातीतल्या पाण्यानं फरशी पुसली जाते.

प्रदर्शन म्हणजे काय, हे मी पुण्यात शिकलो. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकरांची गायक-वादकांची प्रकाशचित्रं बघायला मिळतात. लोक मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन भीमसेनजींसमोर थांबतात आणि त्यांचं बोलणं हळू होतं. प्रेक्षकाच्या कानात तो षड्ज आधीच असतो, फोटो त्याला फक्त वाट करून देतो. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’मधला उजेड निराळा, त्या मऊ उजेडात माणूस स्वतःच्या सर्वांत चांगल्या दिवशी भेटतो. मला सर्वांत जवळचे संदेश भंडारे. २००६ च्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’साठी फडांबरोबर हिंडून त्यांनी रंगमंचामागचं जगणं टिपलं, आणि त्यातली माणसं कुणी नामवंत म्हणून लक्ष वेधत नाहीत. अनोळखी कलावंताचा फोटो एकटा पडतो. बघणारा सोबत सूर आणत नाही, तेव्हा वाद्य, हात, कातडी यांनीच सगळं बोलायचं असतं. फोटोग्राफर अरनॉल्ड न्यूमननं १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीला चौकटीच्या कोपऱ्यात ढकलून पियानोचं काळं झाकण भरून टाकलं. ज्या मासिकानं फोटो सांगितला होता त्यानंच तो नाकारला. आमच्या मृदंग्यांना फ्रेममध्ये कुठं बसवायचं हे ठरवताना मला तो पियानो आठवतो.

आमच्याकडे फोटो भिंतीवर लावायचे म्हणजे शाळेचा हॉल. मी लावले तेव्हा ट्यूबलाइट बंद करून पिवळे दिवे तिरपे सोडले, काचा लावल्या नाहीत. काचेत शाईच्या जागी बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. केज तालुक्यातले एक म्हातारे मृदंगी स्वतःच्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना अण्णा म्हणतो.

‘इतका काळा कामून काढलास रे?’

‘अण्णा, तुम्ही हायतच तसे.’

त्यांनी हात पुढं करून फोटोतल्या हाताशी ताडून पाहिला, उजेडात नेला, उलटा केला. मग फोटोतल्या डाव्या पुडीवर बोट ठेवलं. ‘कणीक जास्त झालीय हितं. आवाज बसला आसंल त्या दिवशी.’ रंगाचा विषय तिथंच संपला. कणीक खरंच जास्त होती का, हे मला कळायचा मार्ग नाही, पण तेव्हापासून मी वाद्य जुळवून झाल्यावरच कॅमेरा उचलतो.

फोटो उतरवताना अण्णांच्या मुलानं तो मागून घेतला आणि मोबाइलवरही पाठवायला लावला. पुढच्याच महिन्यात गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचा फ्लेक्स चौकात लागला. महाराजांच्या खाली, टाळकऱ्यांच्या रांगेत अण्णा. माझाच फोटो, पण फ्लेक्सवाल्यानं त्यात रंग भरलेत. मृदंग तांबडा, फेटा केशरी, आणि अण्णा गुलाबी.