मॉरिशसच्या सागरतीरीं

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट आपणांस अगदींच परकें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरीकडील पुष्कळ मंडळी ऊसमळ्यांतील मजुरीसाठीं तेथें गेली. त्यांचे वंशज आज घरीं बहुधा क्रेओल बोलतात, पण गणेशचतुर्थी थाटानें साजरी करतात. दुसरें नातें दगडाचें. भूगर्भांतील ज्या तप्त स्रोतानें सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्यानेंच सुमारें ८० लक्ष वर्षांपूर्वीं हें बेट समुद्रांतून वर काढलें, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात.

मग तेथील वाळू पांढरीशुभ्र कशी? ती ज्वालामुखीची नव्हेच. पोवळ्यांचा व शिंपल्यांचा तो चुरा होय. बेटाभोंवतीं सुमारें १५० किलोमीटर लांबीची पोवळ्यांची भिंत आहे. महासागराच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि अलीकडे उथळ, निवांत पाणी उरतें. मुलांस पोहावयास शिकविण्यास याहून सोईची जागा विरळाच.

परंतु लाटांनीं भिंतीवरून आंत लोटलेलें पाणी कोठून तरी बाहेर जाणारच. तें भिंतीच्या खिंडींतून जातें. नद्यांच्या मुखासमोर गोड्या पाण्यामुळें व गाळामुळें पोवळीं वाढत नाहींत, म्हणून अशा ठिकाणीं भिंत तुटलेली असते. किनाऱ्यावरून पाहतां फेंसाची पांढरी रेघ जेथें खंडित होते, तेथील पाणी गडद निळें व गुळगुळीत दिसतें. नवख्या मनुष्यास तीच जागा सर्वांत शांत वाटते, आणि ओढ तर नेमकी तेथेंच! कोणी तींत सांपडल्यास प्रवाहाविरुद्ध हात मारून दमूं नये. अंग तरंगतें ठेवावें, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ति असल्यास आडवें पोहत ओढीबाहेर पडावें.

दक्षिणेस सुयाक गांवाजवळ ग्री-ग्री येथें ही भिंत नाहीं. लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. हरिहरेश्वराची प्रदक्षिणेची वाट ज्यांनीं भरतीच्या वेळीं पाहिली आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. देखावा मनसोक्त पाहावा. पाण्यांत मात्र उतरूं नये.

नैर्ऋत्य टोंकाला ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर आहे. पळून आलेल्या गुलामांचें हें आश्रयस्थान २००८ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. आग्नेय वाऱ्यावर मोठा पतंग सोडून फळीवरून लाटा कापणारे वीर येथें जगभरांतून येतात. आमच्या मतें हा खेळ किनाऱ्यावरून पाहण्यांतच अधिक मौज आहे. शिकावयाचाच तर शिक्षकाजवळ, उथळ पाण्यांत, तरंगण्याचें जाकीट घालून.

पायांत रबरी जोडे असावेत. समुद्रसाळूचे कांटे आणि दगडासारखा निपचित पडणारा विषारी दगडमासा डोळ्यांस चटकन दिसत नाहींत. असा मासा टोंचल्यास सोसेल इतक्या ऊन पाण्यांत पाय बुडवून तांतडीनें डॉक्टर गांठावा. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख मुलांस उचलूं देऊं नयेत. आंतील जीव दंश करतो, व तो प्राणावर बेतूं शकतो.

नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत वादळांचे दिवस. एरव्हीं पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक किनारा वाऱ्याच्या आडोशास असल्यानें कुटुंबास उत्तम. पोहण्याची हद्द पाण्यांत तरंगणाऱ्या खुणांनीं आंखलेली असते, यंत्रनौका तिच्यापलीकडे. रविवारीं तेथें सुरूच्या झाडांखालीं कुटुंबेंच्या कुटुंबें जेवणाचे डबे सोडून बसतात. पाण्यांत उतरण्यापूर्वीं त्यांच्यांतील एखाद्या वडीलधाऱ्यास आजची ओढ कशी आहे हें विचारून घ्यावें.