सूनबाईची शिंक

आमच्या घरी शिंका दोघांना येतात. एक मला व दुसरी आमच्या धाकट्या सूनबाईला. पैकी माझी शिंक गेली चाळीस वर्षे घरात मानाने नांदत आहे. श्रावण लागावा, भिंतींना ओल यावी, मी जुन्या पोथ्यांचे कपाट उघडावे, आणि पहिल्या शिंकेसरशी कुटुंबाने आल्याचा चहा पुढे आणून ठेवावा, असा परिपाठच आहे. सूनबाईच्या शिंकेच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तिच्यावर संशय होता, आणि संशय घेणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील मजकूर कोणी उपदेश म्हणून वाचणार नाही.

सूनबाई कोकणातली. लग्न होऊन नळदुर्गास आल्यावर पहिले दोन दसरे तिला काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी भाद्रपद सरता सरता पहाटे एकामागून एक पंधरा-वीस शिंका, डोळ्यांना कंड, नाकातून पाण्याची धार, आणि पापण्यांवर व मानेवर तांबूस चट्टे, असा प्रकार सुरू झाला. पुढे तो दर वर्षी त्याच सुमारास येऊ लागला. म्हणजे घरात गोधड्या धुणे, जळमटे काढणे आणि फराळाची तयारी ही कामे ज्या दिवसांत अंगावर येतात, नेमका त्याच दिवसांत! दिवाळीस ती माहेरी गेली की चार दिवसांत बरी होई. माझ्या वडील भगिनी आमच्याकडेच असतात. त्या एकदा सर्वांसमक्ष म्हणाल्या, "माहेरची वेस दिसली की शिंक कशी गं पळते तुझी?" सूनबाई काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही.

तर्कसंग्रह पाठ केलेल्या माणसाने खरे म्हणजे तेथेच बोलावयास हवे होते. भगिनींचा तर्क वरवर निर्दोष होता : काम आहे तेथे शिंक आहे, काम नाही तेथे शिंक नाही, अन्वय जुळला, व्यतिरेकही जुळला. परंतु आमच्या शास्त्रात उपाधी नावाची एक वस्तू सांगितली आहे. अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नव्हे. धुराला ओले सरपण लागते. ते ओले सरपण आमच्या परसामागे कंबरेइतके वाढून पांढऱ्या फुलांनी डवरले होते, आणि ते मला रोज दिसत होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात घरातील यच्चयावत गोधड्या धुवून परसाच्या कुंपणावर वाळत घातल्या होत्या. पूर्वी आमच्याकडील बायका त्या बोरी नदीवर नेत. रीत चांगलीच आहे. पावसाळ्यात अंथरुणात जे काही माजलेले असते ते धुण्याने आणि आश्विनातील उन्हाने पुष्कळ कमी होते. पण कुंपणापलीकडे गाजर गवत होते. त्या रात्री धाकटे चिरंजीव मला उठवावयास आले. सूनबाई उशाशी बसून होती, श्वास बाहेर टाकताना शीळ वाजत होती, दोन शब्द एका दमात निघत नव्हते. शेजाऱ्यांची मोटार घेऊन सोलापूर गाठले. तेथे वाफेतून औषध दिल्यावर तासाभराने तिला बोलता येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले. कोणत्या महिन्यात सुरू होते? घरात वाढते की बाहेर? घर सोडल्यावर कमी होते काय? पस्तीस वर्षे मी मुलांची हजेरी मांडली. घरच्या माणसाबद्दल एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. घरी आल्यावर एक वही घातली आणि पहिल्या पानावर त्या रात्रीची हकीकत लिहिली : "रात्री 11 वाजता दम लागला." आठ दिवसांनी पाहतो तो त्याखाली सूनबाईच्या अक्षरात ओळ होती : "साडेनऊपासून लागला होता. सांगितले नाही."

पुढे काही दिवस गोळ्या बंद ठेवून तपासणी झाली. हातावर निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब टाकून सुईने त्वचेस जेमतेम टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत ज्या थेंबाखाली गांधी उठेल ते द्रव्य बाधक समजावयाचे. मीही हात पुढे केला. सूनबाईस गाजर गवताच्या परागाची गांधी उठली. माझ्या हातावर बुरशीची व धुळीतील कीटकांची उठली. हे कीटक डोळ्यांना न दिसणारे, ओल असेल तेथे गादी-उशीत वाढणारे व आपल्या अंगावरून गळलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे असतात. म्हणजे व्याधीची जात एकच, वैरी मात्र वेगळे. तिला आश्विन छळतो, मला श्रावण. फरक इतकाच, की मला चहा मिळत होता.

या प्रकारास 'ॲलर्जी' हे नाव 1906 साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी दिले. त्याआधी 1819 साली लंडनच्या बोस्टॉक नामक वैद्याने दर उन्हाळ्यात स्वतःस होणारे पडसे लिहून ठेवले, आणि मँचेस्टरच्या ब्लॅकली यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात व ओरखडलेल्या त्वचेवर घालून 1873 साली कारण सिद्ध केले. शरीराचे रक्षकच निरुपद्रवी परागास शत्रू समजतात, त्याच्यासाठी खास प्रतिद्रव्ये बनवून ठेवतात, आणि पुन्हा तो पराग आला की हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटून शिंका, कंड व पाणी सुरू होते. ही ओळख पटण्यास एक-दोन मोसम जावे लागतात. सूनबाईचे पहिले दोन दसरे कोरडे का गेले याचे उत्तर यातच आहे. आम्ही मात्र तोही सोंगाचा पुरावा धरला होता.

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातील. महाराष्ट्रात त्याची नोंद झाली ती 1956 साली, पुण्याहून. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर ते आले अशी कथा सर्रास सांगतात. परंतु तो करार 1956 च्या ऑगस्टातला, आणि गवत त्यापूर्वीच पुण्यात दिसले होते. एका झाडाला हजारो बिया येतात, पाऊस पडताच ती उगवतात आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतात. पराग नाकास बाधतो, तर पानावरील लव व त्यातील पार्थेनिन हे द्रव्य कातडीस. मेक्सिकोतून आणलेले त्याची पाने खाणारे भुंगेरे 1984 पासून आपल्या देशात सोडले आहेत. ते खातात, पण गवताची भूक त्यांच्यापेक्षा मोठी आहे! नर आणि मादी धबधबे कोसळू लागले की पाणीमहाल पाहावयास गावोगावची माणसे किल्ल्यावर येतात, आणि वाटेच्या दुतर्फा हीच पांढरी फुले असतात. पुष्कळजण ती रानफुले समजून मुलांच्या हाती देतात. हे पाहून माझा हात कपाळाकडे जातो.

वहीत आता चार वर्षांच्या नोंदी आहेत. श्रावण-भाद्रपदात माझे नाक, बंद खोल्या व पोथ्या. भाद्रपद-आश्विनात सूनबाई. आश्विनातच सोयाबीनची मळणी. यंत्रातून उडणारी धूळ मळणीवरच्या माणसांना त्रास देते, आणि ती केवळ धूळ नव्हे. 1980 च्या दशकात स्पेनमधील बार्सिलोना शहरी दम्याच्या झटक्यांची साथ येई. शोधाअंती ती बंदरात सोयाबीन उतरविताना उडणाऱ्या धुळीची निघाली. पौषात मात्र खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की सारेच शिंकतात, आणि उन्हाळ्यात मिरची कांडताना सारे घर खोकते. तो नुसता क्षोभ; त्यास ॲलर्जी म्हणू नये. ताप, अंगदुखी व चार-सहा दिवसांत उतार असेल तर ते पडसे. कंड, पातळ पाणी, ताप नाही आणि आठवडेच्या आठवडे तेच चालले असेल, तर पंचांग उघडावे.

वाग्भटाने ऋतुसंधी सांगितला आहे : सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस व येत्या ऋतूचे पहिले सात, या काळात जुनी चर्या हळूहळू सोडून नवी धरावी. आमच्या डॉक्टरांचे सांगणे ऐकून मला त्याची आठवण झाली. नाकात मारावयाचा औषधी फवारा शिंका सुरू झाल्यावर धावाधाव करून घेण्याचा नव्हे. त्याचा पुरा गुण येण्यास काही दिवस लागतात, म्हणून मोसमाच्या पंधरा दिवस आधी धरावा आणि रोज घ्यावा. सूनबाईचा फवारा आता पोळ्याला सुरू होतो. मान किंचित खाली घालून, नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूस मारावा, नाहीतर नाकातून रक्त येते. दम्यासाठी ओढावयाच्या औषधास लोक 'पंप' म्हणतात आणि त्याची सवय लागते म्हणून भितात. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणूनच त्याची मात्रा इतकी अल्प, मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याजोगी, ठेवता येते. भ्यावयाचे असेल तर बिननावाच्या पुड्यांना भ्यावे. मधल्या एका वर्षी कोणा गृहस्थाची 'शंभर टक्के वनस्पतीची' पूड मीच आणून दिली होती. तीन दिवसांत शिंक बंद! महिन्यात सूनबाईचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असावे असे डॉक्टर म्हणाले. नाकातून वा तोंडाने ओढावयाच्या औषधाच्या कितीतरी पट मात्रा त्या पुडीतून पोटात गेली असेल. ती पूड मी आणली, हे घरात अद्याप कोणी बोलून दाखविले नाही.

बाकी उपाय घरगुती आहेत. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे. त्या दिवसांत गोधड्या आतल्या पडवीत वाळविणे. बाहेरून आल्यावर तोंड धुऊन लुगडे बदलणे, जे सोवळ्याच्या घरात कठीण नाही. माझ्या उशांचे अभ्रे कढत पाण्यात धुतले जातात, आणि पोथ्यांचे कपाट आता चिरंजीव उघडतात.

गवत मात्र फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावे लागते. आमचे परस स्वच्छ झाले. पलीकडच्या मोकळ्या जागेचे मालक परगावी असतात. त्यांस दोन पत्रे धाडली, उत्तर नाही. गेल्या आषाढात सकाळी पाहतो तो आमच्या भगिनी तोंडास पदर बांधून, हातात चिरंजीवांचे मोजे घालून, त्या जागेत उपटीत बसलेल्या. मी गेलो तसे म्हणाल्या, "कंबर धरली आहे माझी, तू ये पलीकडच्या बाजूने. आणि तिला बाहेर येऊ देऊ नकोस." त्या दिवशी दोन पाट्या निघाल्या. अजून निम्मी जागा बाकी आहे.